पान अकरा

मी पहिल्यांदा अमेरिकेतल्या उन्हाळी कॅम्पवर मुलं सांभाळायला गेले त्याला आता बरीच वर्षं झाली, पण ती पहिली रात्र अजून लख्ख आठवते. मेन राज्यातलं एक तळं, काठावर लाकडी केबिन, आत बारा मुली झोपलेल्या. दिवे मालवलेले. आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळ्याच्या बाजूने कुणीतरी जिवाच्या आकांताने विव्हळल्यासारखा आवाज आला. मी ताडकन उठून बसले. या बारा मुलींची जबाबदारी माझ्यावर, आणि बाहेर कुणाचा तरी जीव चाललाय. वरच्या बंकवरची नऊ वर्षांची मुलगी झोपेतच पुटपुटली, "लून आहे," आणि कूस बदलून गाढ झोपली.

लून हा पाणपक्षी. मेनमधल्या तळ्यांवर उन्हाळाभर असतो आणि रात्री असाच ओरडतो. निघण्याआधी कॅम्पने मला ३८ पानांची पीडीएफ पाठवली होती, मी ती विमानात दोनदा वाचली होती. तिच्यात कॅम्पच्या संस्थापकांवर दीड पान होतं. लूनबद्दल एक अक्षर नव्हतं.

पुढे शिक्षणासाठी म्हणून अमेरिकेत आले, बॉस्टनजवळ स्थिरावले, आणि कॅम्पशी नातं टिकून राहिलं. एकदा जेवताना मी डिरेक्टरबाईंना हा लूनचा किस्सा सांगितला. त्या खूप हसल्या आणि म्हणाल्या, "मग तूच कर ना हे काम." तेव्हापासून दर वर्षी जानेवारी ते जून परदेशातून येणाऱ्या स्टाफची तयारी करून घेणं माझ्याकडे आहे. खाली लिहिलंय ते मुख्यतः २०२४ च्या उन्हाळ्याबद्दल. त्या वर्षी नऊ देशांतून २४ जण येणार होते.

आपल्याला उन्हाळी शिबिर म्हटलं की सकाळी दोन तास मूल कुठेतरी जाऊन येतं ते डोळ्यांसमोर येतं. इथे मूल सात आठवडे घरी जात नाही. ही प्रथा जुनी आहे, कनेटिकटमधल्या एका शाळामास्तरांनी १८६१ मध्ये मुलांना समुद्रकाठी राहायला नेलं तिथपासूनची. सात आठवडे मुलांसोबत राहायला, त्यांच्याच केबिनमध्ये झोपायला, पोहणं, होड्या, धनुर्विद्या शिकवायला तरुण माणसं लागतात, आणि अमेरिकन कॉलेजातली मुलं उन्हाळ्यात इंटर्नशिप शोधत असतात. त्यामुळे जे-१ या व्हिसावर बाहेरून काउन्सेलर येतात. किमान वय १८, मुक्काम जास्तीत जास्त चार महिने.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात सांगते, कारण लोकांना वाटतं तयारी म्हणजे हेच. स्पॉन्सर, म्हणजे व्हिसासाठी जबाबदारी घेणारी संस्था, डीएस-२०१९ नावाचा कागद देते, मग सेव्हिस या सरकारी नोंदणीचे पैसे (२०२४ मध्ये ३५ डॉलर), मग डीएस-१६० हा व्हिसाचा लांबलचक फॉर्म, व्हिसाचे पैसे (२०२४ मध्ये १८५ डॉलर), मग मुलाखत. पासपोर्टवरचं नाव आणि फॉर्मवरचं नाव यात एका अक्षराचाही फरक चालत नाही. हे सगळं कंटाळवाणं आहे, पण अवघड नाही. यादी करा, खूण करत जा, होतं. आणखी एक, काउन्सेलरच्या व्हिसावर आलेल्या माणसाला स्वयंपाकघरात कामाला लावता येत नाही. त्या कामासाठी विद्यार्थ्यांचा वेगळा जे-१ असतो. हंगेरीचा एक मुलगा मोठ्या उत्साहाने म्हणाला होता, "मी दोन्ही करीन, मला झोप कमी लागते." त्याला समजावण्यात अख्खा कॉल गेला.

मुलाखतीच्या बाबतीत मात्र मी एकदा चांगलीच हात पोळून घेतलेत. सुरुवातीच्या वर्षांत मी संभाव्य प्रश्न आणि नमुन्याची उत्तरं पाठवायचे. सगळे पाठ करून जायचे. एका मुलीला अधिकाऱ्याने विचारलं, तिथे नेमकं काय शिकवणार? ती म्हणाली, "ते देतील ते." व्हिसा नाकारला. ती खोटं बोलली नव्हती. काय शिकवायचंय हे आम्ही तिला सांगितलंच नव्हतं, कारण आमची कामांची वाटणी मे महिन्यात व्हायची. आता वाटणी मार्चमध्ये होते आणि नमुन्याची उत्तरं बंद. त्याऐवजी मी कॉलवर म्हणते, मंगळवारचा तुझा दिवस मला सकाळपासून रात्रीपर्यंत सांग. ज्याला तो सांगता येतो त्याला अधिकाऱ्यापुढे पाठांतर लागत नाही.

मार्च महिन्याचा मला खास राग आहे. उन्हाळ्यासाठी घड्याळं सरकवायची प्रत्येक देशाची तारीख वेगळी. २०२४ मध्ये अमेरिकेची घड्याळं १० मार्चला एक तास पुढे गेली. युरोपची ३१ मार्चला. न्यूझीलंडची ७ एप्रिलला एक तास मागे आली. दक्षिण आफ्रिका आणि मेक्सिकोचा बराचसा भाग ढिम्म. म्हणजे जवळजवळ महिनाभर "मागच्या वेळेलाच भेटू" या वाक्याला काही अर्थ नव्हता. पहिल्या कॉलला इंग्लंडची तीन मुलं तासभर उशिरा उगवली आणि आपणच वेळेवर आहोत अशी त्यांची खात्री होती. त्यांच्या हिशेबाने ते बरोबरही होते. तेव्हापासून मी 'आमच्या वेळेनुसार नऊ' असं लिहीत नाही. प्रत्येकाला त्याच्या गावच्या घड्याळातली वेळ लिहून वेगळा निरोप जातो. आणि न्यूझीलंडच्या दोघांसाठी वेगळा कॉल, कारण आमचे सकाळचे नऊ म्हणजे त्यांची मध्यरात्र उलटून गेलेली.

आता खरी गोष्ट. कॉलवर सगळे हो म्हणतात.

पीडीएफ वाचली? हो. सगळं समजलं? हो. काही प्रश्न? सगळ्या चौकोनांत हसरे चेहरे, शांतता. मलाही पहिली दोन-तीन वर्षं वाटायचं, वा, तयारी झाली. एका वर्षी पोलंडच्या मुलाने अर्जात 'पोहता येतं' यावर खूण केली होती, मी कॉलवर पुन्हा विचारलं, तो हो म्हणाला, त्याला तळ्यावरच्या कामाला लावलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तळ्याचं पाणी कसलं गार असतं ते मेनमध्ये राहिल्याशिवाय कळत नाही. चाचणीत तो डोकं पाण्याबाहेर ठेवून, मोठ्या कष्टाने निम्म्यापर्यंत गेला आणि दोरीला धरून थांबला. तो नदीत पोहायला शिकला होता, मित्रांबरोबर, मजेत. त्याच्या दृष्टीने उत्तर हो होतं. प्रश्नच वेडगळ होता. आता मी विचारते, सलग किती अंतर पोहतोस, कुठल्या पाण्यात, शेवटचं कधी पोहलास, आणि मित्राला सांगून फोनवर चित्रीकरण करून पाठव. त्या मुलाने पुढे तो उन्हाळा सुतारकामाच्या शेडमध्ये काढला आणि मुलांचा फार लाडका झाला, ते वेगळं. पण ऐन वेळी तळ्यावरचा माणूस शोधताना डिरेक्टरबाईंच्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिता येणार नाही.

मग मी एक साधी गोष्ट केली. कॉलच्या दोन दिवस आधी एक फॉर्म, नाव लिहायचं नाही, आणि एकच ओळ: विचारायला लाज वाटते असा एक प्रश्न लिहा. २४ जणांकडून ३१ प्रश्न आले. संडास केबिनच्या आत आहे का बाहेर? मुलांनी ऐकलं नाही तर ओरडायचं की नाही? मुलांसमोर कपडे कसे बदलायचे? मला नमाज पढायला जागा मिळेल का? माझं इंग्रजी लहान मुलांना कळलं नाही तर ती हसतील का? आणि एक, जो मी त्या दिवशी तीन-चार वेळा वाचला: मला अंधाराची भीती वाटते, हे कुणाला कळेल का?

३८ पानांत यातल्या एकाचंही उत्तर नव्हतं. मी पुढचे दोन कॉल फक्त या प्रश्नांवर घेतले. संडास आत आहे. ओरडायचं नाही, पण आवाज खाली आणायचा, मुलं आपोआप जवळ येतात. कपडे बाथरूममध्ये बदलायचे. नमाजासाठी ग्रंथालयाची खोली आहे, वेळा आधी सांगितल्या तर पाळी तशी लावता येते. अंधाराबद्दल मी एवढंच सांगितलं की प्रत्येक केबिनमध्ये किमान दोन मोठी माणसं झोपतात, हेडलॅम्प उशाशी ठेवायला कुणाची हरकत नाही, आणि मी स्वतः पहिल्या रात्री एका पक्ष्याला घाबरून उठून बसले होते. मग लूनचा आवाज ऐकवला. सगळेच्या सगळे चेहरे एकदम बदलले. आठ आठवड्यांत पहिल्यांदा कुणीतरी माइक सुरू करून आपणहून बोललं: "हे रोज रात्री होतं?"

सगळ्यात जास्त वेळ जातो तो मुलांच्या सुरक्षेच्या नियमांवर, आणि जायलाच हवा. नियम सांगायला पाच मिनिटं पुरतात. मुलासोबत इतरांच्या नजरेआड एकटं राहायचं नाही. मुलांचे फोटो आपल्या खात्यावर टाकायचे नाहीत. मूल काही गंभीर बोललं तर 'कुणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही, कारण मेनच्या कायद्यानुसार मुलावर अत्याचार झाल्याचा संशय आला तर काउन्सेलरला ते कळवावंच लागतं. सगळे माना डोलावतात. म्हणून मी प्रसंग देते. रात्रीचे साडेदहा, आठ वर्षांची मुलगी बंकवर रडतेय, आईची आठवण येतेय, बाकीच्या झोपल्यात, सोबतची काउन्सेलर बाथरूममध्ये आहे. काय कराल?

कोलंबियाची मुलगी म्हणाली, "मांडीवर घेईन, झोपेपर्यंत." इंग्लंडचा मुलगा म्हणाला, "सुपरवायझरला बोलावेन." कोलंबियाची म्हणाली, "आणि ती येईपर्यंत पोर रडत राहील?" बघता बघता जुंपली. मी सांगितलं ते असं: तिच्या बंकशेजारी जमिनीवर बसा, जिथे बाकीच्यांची झोप मोडली तर त्यांना तुम्ही दिसाल. हळू आवाजात बोला. हात पुढे करा, तिला धरायचा असेल तर ती धरेल. तिने मिठी मागितली तर एका बाजूने, खांद्याला खांदा. बाहेर एकटीला नेऊ नका. आणि 'नाहीच आवडलं तर आईला बोलावू' हे कधीही म्हणू नका, कारण त्या क्षणापासून ती दुसरा कसलाच विचार करणार नाही.

कोलंबियाच्या मुलीचं समाधान झालं नाही. तिच्या घरात धाकटी पाच भावंडं, सगळी तिच्या कडेवर वाढलेली. "मूल मला दगड समजेल," ती म्हणाली. माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. माया करायची माझीही रीत गाल ओढण्याची आणि केसांतून हात फिरवण्याची. ती इथे आवरायला मला एक अख्खा उन्हाळा लागला आणि सुरुवातीला खरंच दगड झाल्यासारखं वाटायचं. तिला मी तेच सांगितलं. नियम बरोबर आहे असं माझं आजही मत आहे, पण तो पाळताना काहीतरी सोडावं लागतं हे कबूल न करता तो शिकवणं मला जमत नाही.

सामानाची यादी मी छोटी केली. मेनमध्ये जूनच्या रात्री स्वेटर लागतो. हेडलॅम्प, रेनकोट, बंद बूट. इथली वीज १२० व्होल्टची, त्यामुळे २३० व्होल्टचं हेअर ड्रायर नुसतं घरघरतं, आणू नका. पहिला पगार हातात यायला वेळ लागतो, म्हणून निदान दोनशे डॉलर जवळ ठेवा. गवतातून आल्यावर रोज अंगावर गोचीड शोधा. हरणांवरची गोचीड अगदी बारीक असते आणि तिच्यापासून लाइमचा आजार होतो. तीन-तीन पानांची वेल (पॉयझन आयव्ही, अंगाला खाज आणते) दिसली तर हात लावू नका. आणि खोडरबराला 'रबर' म्हणू नका, इरेजर म्हणा. का ते मी लिहीत नाही, कॉलवर सांगते. इंग्लंडची मुलं आधीच खिदळायला लागतात, त्यामुळे बाकीच्यांना अंदाज येतो.

खाण्याच्या पदार्थांबद्दल मी लिहिलं होतं, पण चुकीच्या पद्धतीने. 'कॅम्पवर नट्स चालत नाहीत.' मेक्सिकोची मुलगी आमच्यासाठी प्रेमाने खोकाभर मझापान घेऊन आली. युरोपात मझापान बदामाचं असतं, मेक्सिकोत ते शेंगदाण्याचं. तिच्या मते शेंगदाणे म्हणजे काही नट्स नव्हेत, आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तिचंच खरं आहे, ती शेंग आहे. पण आमच्याकडे त्या वर्षी एपिपेन, म्हणजे जिवावरच्या अ‍ॅलर्जीसाठीचं इंजेक्शन, बाळगणारी सहा मुलं होती. खोकं केबिनमध्ये पोचायच्या आत नर्सबाईंच्या हाती लागलं, एवढं नशीब. आता यादीत शेंगदाणे, तीळ, बदाम, काजू असे सरळ शब्द आहेत आणि 'घरून भेट आणणार असाल तर खायची नको' हेही.

पैशांच्या बाजूचं मी एप्रिलमध्ये सांगते आणि जूनमध्ये पुन्हा सांगते. आल्यावर सोशल सिक्युरिटी नंबरसाठी (पगार आणि करासाठी लागणारा सरकारी क्रमांक) अर्ज करायचा, पण स्पॉन्सरने सेव्हिसमध्ये आगमनाची नोंद केल्यानंतर. जे-१ वर आलेल्या काउन्सेलरच्या पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे (म्हातारपणीची पेन्शन आणि आरोग्यविमा) ७.६५ टक्के कापायचे नसतात. कापले गेले तर बोला. मी ज्या वर्षी काउन्सेलर होते तेव्हा माझे कापले होते आणि मी गप्प बसले होते, कारण पगाराची चिठ्ठी इतकी अधिकृत दिसत होती. आयकर मात्र भरावा लागू शकतो, विवरणपत्र पुढच्या एप्रिलपर्यंत. हे ऐकताना कुणाचाच चेहरा जागा नसतो, म्हणून एक ओळ वेगळी पाठवते: पगाराची प्रत्येक चिठ्ठी जपून ठेवा.

त्या वर्षी दोघांच्या मुलाखतीची तारीख जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गेली. मुलं येण्याआधी आठवडाभर स्टाफचं प्रशिक्षण असतं, ते हुकलं. उशिरा येणाऱ्याचे फार हाल होतात. सगळ्यांची गाणी पाठ, टोपणनावं पडलेली, आणि हा बॅग घेऊन उभा. आम्ही त्या दोघांना रोज रात्री एकेक काउन्सेलर फोन करील असं ठरवलं. माहिती द्यायला नव्हे, नुसतं आज काय झालं ते सांगायला. ते आले तेव्हा त्यांना कुणाची कुणाशी गट्टी आहे हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

बाकीचे आले त्या दिवशी मी बॉस्टनच्या लोगन विमानतळावर फलक घेऊन होते. बसने साडेतीन तास, मग कॅम्प. संध्याकाळी स्वागताचं जेवण आणि ओळखीचे खेळ, मीच हौसेने आखलेले. न्यूझीलंडचा मुलगा तीस तासांहून अधिक प्रवास करून आला होता, तो बटाट्याच्या ताटावर कपाळ टेकून झोपला. शेजारच्याने ताट हळूच काढून घेतलं. पुढच्या वर्षीपासून पहिल्या संध्याकाळी सूप, अंघोळ आणि झोप, बाकी काही नाही.

आणि एक जण पाचव्या दिवशी परत गेली. दक्षिण आफ्रिकेची. सगळ्या फॉर्ममध्ये पहिली, प्रत्येक कॉलला हजर, लसीकरणाचे दाखले मार्चमध्येच आलेले. तिची मला काळजीच वाटली नव्हती, आणि तिथेच माझं चुकलं. जो उशीर करतो त्याला मी चार वेळा फोन करते. जो सगळं वेळेवर करतो त्याच्याशी माझं बोलणंच होत नाही. ती गेली तेव्हा मी तळ्यावर होते, निरोपही धड घेता आला नाही.

ऑगस्टच्या शेवटी, मुलं गेल्यावर, मी तिला पत्र लिहिलं. रागावलेली नाहीये, फक्त पुढच्या वेळी काय आधी सांगायला हवं ते सांग, असं. आठवड्याने सात ओळींचं उत्तर आलं. पाच ओळी आभाराच्या आणि माफीच्या. सहावीत होतं की कॅम्पवर फोनला रेंज नसते आणि स्टाफचं वायफाय फक्त सुट्टीच्या दिवशी मिळतं हे तिला माहीतच नव्हतं, आईला तीन दिवस वाटत होतं की आपली मुलगी पोचलीच नाही, आणि चौथ्या दिवशी ऑफिसमधून फोन लागला तेव्हा आई इतकी रडली की तिला राहवेना. सातवीत होतं: हे कृपया पुढच्या मुलींना लिहून कळवा.

३८ पानांची पीडीएफ मी त्या वर्षी १४ पानांवर आणली होती, आणि त्याचा मला अभिमान होता. लॅपटॉप उघडून बघितलं. लिहिलेलं होतं. पान अकरा, गोचिडीच्या खाली, कपडे धुण्याच्या वेळापत्रकाच्या वर.